तीर्थनच्या ट्राउटसाठी फ्लाय रॉड : खरेदी फ्लायपासून मागे मोजत करावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. एप्रिलच्या मध्यावर आपण चार दिवस हिमाचल प्रदेशातील तीर्थन खोऱ्यात ट्राउटसाठी जाणार आहात. दाभोळच्या खाडीत ७ फुटी स्पिनिंग रॉडने गरवण्याचा आपला १० वर्षांचा सराव आहे, परंतु फ्लाय रॉड आपण कधी हातात धरलेला नाही. आणि ३० हजार रुपयांत कोणता रॉड व कोणते रील घ्यावे, हे आपल्याला ठरवायचे आहे. मी गेली १६ वर्षे तीर्थन, पब्बर आणि बरोटजवळची ऊहल यांपैकी एका तरी नदीवर दरवर्षी जाते, आणि सुरुवातीच्या काळात चुकीच्या खरेदीवर बराच पैसा घालवलेला असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देते.

रॉड आणि रील कोणते, हा प्रश्न स्पिनिंगमध्ये पहिला असतो. फ्लाय फिशिंगमध्ये तो शेवटी येतो. याचे कारण फेकीच्या तत्त्वात आहे. आपण खाडीत जे करता ते गोफणीसारखे आहे: टोकाला वजन असते, ते पुढे झेपावते आणि बारीक दोर आपल्यामागे ओढून नेते. फ्लायला मात्र वजनच नसते. पिसे, केस आणि दोरा गुंडाळलेली ती गरी आपण हाताने भिरकावली तर दोन हातांवर पडेल. म्हणून येथे वजन दोरातच भरलेले असते. पोतराजाचा आसूड आठवावा. त्याच्या टोकाला काही बांधलेले नसते, आसूडच जाड बुडाकडून निमुळत्या शेपटाकडे उलगडत जातो आणि हाताचे बळ शेवटपर्यंत पोहोचवतो. फ्लाय लाइन हा असा आसूड आहे, रॉड ही त्याची मूठ आहे आणि पुढचा बारीक दोर, म्हणजे लीडर, हे त्याचे शेपूट आहे. फरक इतकाच, की आसूड वाजला पाहिजे आणि लाइन वाजता कामा नये. मागे ‘फट्’ असा आवाज आला तर आपण घाई केली आणि फ्लाय तुटून गेली, असे समजावे.

त्यामुळे निवड नदीपासून आणि माशापासून सुरू करावी, त्यावरून फ्लाय, फ्लायवरून लीडर, लीडरवरून लाइन, लाइनवरून रॉड आणि उरलेल्या पैशात रील, असे मागे मागे यावे. दुकानदार नेमके उलट टोक आपल्यापुढे धरतो, कारण महाग वस्तू त्या टोकाला आहेत.

तीर्थन ही मोठी नदी नाही. बंजार, नागिणी, गुशैणी या पट्ट्यात ती मोठमोठ्या दगडांमधून उतरते. एक खळाळ, त्याखाली खोलीचा डोह, पुन्हा खळाळ, असा तिचा क्रम आहे. काठावर झाडे पाण्यावर वाकलेली असतात, त्यामुळे पाठीमागे लाइन उलगडायला मोकळी जागा क्वचितच मिळते. येथील तपकिरी ट्राउट मूळचा येथला नाही. १९०० मध्ये स्कॉटलंडहून काश्मीरमध्ये आलेली अंडी तेथे जगली आणि पुढे १९०९ मध्ये कुलू खोऱ्यात महिली येथे उबवणी केंद्र सुरू झाले; आजचे मासे त्या वंशाचे आहेत. हाती लागणारा मासा बहुधा पाव ते अर्धा किलोचा असतो. त्याच्या जोडीला मूळचा स्थानिक मासाही गळाला लागतो, ज्याला तेथील लोक ‘गुगली’ म्हणतात. क्रिकेट पाहणाऱ्या माणसाला हे नाव विसरणे अशक्य आहे. थोडक्यात, आपल्याला लहान नदीवर, २० ते ३० फुटांच्या अंतरावर, हलक्या माशासाठी साधन हवे आहे. ८० फुटांची फेक शिकण्यात आपले चार दिवस घालवू नयेत.

आता फ्लाय. एप्रिलमध्ये पाणी बर्फाचे असते, मासा तळाशी राहतो आणि त्याचे खाणे बहुतांशी पाण्याखाली होते. काठाजवळचा एखादा मुठीएवढा दगड उलटून त्याची खालची बाजू पाहावी. तिथे चपट्या अंगाच्या, सरपटणाऱ्या अळ्या आणि वाळूचे कण चिकटवून केलेली बारीक कोश-घरे दिसतील. आपल्या पेटीत त्यांच्यासारखे काही असले म्हणजे झाले. माझ्या मते पुढील पाच प्रकार पुरेत: पितळी किंवा टंगस्टनच्या मण्याचा फेझंट टेल निम्फ (निम्फ म्हणजे पाण्याखालच्या अळीसारखी फ्लाय) १४ आणि १६ नंबरात, हेअर्स इअर निम्फ १२ आणि १४ नंबरात, पाण्यावर तरंगणारी एल्क हेअर कॅडिस १४ नंबरात, तशीच तरंगणारी अ‍ॅडम्स १४ आणि १६ नंबरात, आणि गढूळ पाण्यासाठी काळी किंवा शेवाळी वूली बगर ८ किंवा १० नंबरात. प्रत्येकी चार-सहा घ्याव्यात, कारण दगड आणि झाडे आपला वाटा घेतातच. गरीचा नंबर जितका मोठा तितकी ती लहान, हे आपल्याला खाडीतल्या गऱ्यांवरून माहीत असेल. फेझंट टेल हा निम्फ इंग्लंडमधील एव्हन नदीचा रखवालदार फ्रँक सॉयर याने बसवला. त्याने बांधायला रेशमी दोऱ्याऐवजी बारीक तांब्याची तार वापरली, म्हणजे बांधणी आणि वजन ही दोन्ही कामे एकाच तारेत झाली. आजचा मणी हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा आहे: मासा तळाशी आहे, तर फ्लाय तिथपर्यंत बुडाली पाहिजे.

फ्लायचा नंबर ठरला की लीडरचा शेवट ठरतो. लीडर म्हणजे लाइनच्या पुढचा पारदर्शक, निमुळता होत जाणारा नायलॉनचा तुकडा. तीर्थनसाठी तो ९ फुटी घ्यावा, काठावर फारच दाटी असेल तर साडेसात फुटी. त्याच्या टोकाला जोडायच्या बारीक दोराला टिपेट म्हणतात आणि त्याची जाडी ‘एक्स’मध्ये सांगतात. हा हिशेब प्रथमदर्शनी विचित्र वाटतो, पण सोपा आहे: ११ मधून एक्सचा आकडा वजा केला की इंचाच्या सहस्रांशात जाडी मिळते. म्हणजे ५ एक्स हा ०.००६ इंच, सुमारे ०.१५ मिलिमीटर, आणि ४ एक्स हा ०.००७ इंच, सुमारे ०.१८ मिलिमीटर. फ्लायच्या नंबराला ३ ने भागले की जवळचा एक्स मिळतो. १२ नंबरला ४ एक्स, १४ आणि १६ नंबरला ५ एक्स. आपल्याकडील खाडीचा दोर याच्या दुप्पट जाड असेल आणि आपल्याला हा धागा म्हणजे खेळणे वाटेल. तरीही जाड दोर लावण्याचा मोह टाळावा, कारण जाड टिपेट फ्लायला ताठ धरून ठेवतो, ती पाण्याबरोबर मोकळी वाहत नाही, आणि स्वच्छ पाण्यातल्या ट्राउटला ते लगेच कळते. तरंगणाऱ्या फ्लायसाठी साधे नायलॉन वापरावे. फ्लुरोकार्बन बुडते, म्हणून ते निम्फसाठी बरे. दोन-तीन वर्षे उन्हात पडलेले नायलॉनचे रीळ स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

गाठी तीनच शिकाव्यात, पण डोळे मिटून बांधता येतील इतक्या शिकाव्यात. फ्लाय बांधायला क्लिंच, लीडरला टिपेट जोडायला सर्जन्स आणि वेळ पडल्यास लाइनला लीडर जोडायला नेल नॉट. हल्ली बहुतेक लाइनींच्या टोकाला तयार फास असतो, त्यामुळे तिसरीची गरज कमी झाली आहे. गाठ आवळण्यापूर्वी ती तोंडात धरून ओली करावी. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते आणि ०.१५ मिलिमीटरच्या धाग्याला तेवढा ताप पुरतो. मासा गेल्यावर दोराचे टोक कुरळे झालेले दिसले तर दोष माशाचा नव्हता.

लाइन हा भाग मी मुद्दाम सावकाश सांगते, कारण बहुतेकांची फसगत येथे होते. लाइनला नंबर असतो आणि तो तिच्या पुढच्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतो. ५ नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम भरतात. ४ नंबरचे १२० ग्रेन आणि ६ नंबरचे १६० ग्रेन. रॉडवर लिहिलेला ५ हा आकडा एवढेच सांगतो, की सुमारे ९ ग्रॅम वजन हवेत असताना हा रॉड नीट वाकतो. आता तीर्थनवर आपण २० ते २५ फूटच लाइन बाहेर काढणार. म्हणजे हवेत असणार सहा-सात ग्रॅमच. कडक रॉड एवढ्या वजनाला दाद देत नाही, तो काठीसारखा सरळ राहतो, मग नवखा माणूस खांद्यातून जोर लावतो आणि लाइन चुंबळ होऊन समोर पडते. त्याला वाटते की आपल्याला जमत नाही, पण खरे तर वजन अपुरे पडलेले असते. म्हणून लहान नदीसाठी एकतर मऊ रॉड घ्यावा किंवा अर्धा नंबर जड लाइन घ्यावी. अनेक कंपन्या हल्ली ५ नंबरच्या नावाखाली मुळातच थोडी जड लाइन विकतात, त्यामुळे खोक्यावरचे ग्रेनचे आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

खोक्यावर ‘डब्ल्यूएफ-५-एफ’ असे लिहिलेले असेल तर तिचे वजन पुढच्या भागात एकवटलेले आहे, नंबर ५ आहे आणि ती तरंगते. ‘डीटी’ असेल तर लाइन मध्ये जाड आणि दोन्ही टोकांना सारखीच निमुळती असते. बाजारात पहिली सहज मिळते आणि ती घेतली तर काही बिघडत नाही. तरी निवड करता आली तर तीर्थनसाठी मी डीटी घेईन. ३० फुटांच्या आत दोघींत फारसा फरक नाही, पाण्यावरून गुंडाळत टाकायची रोल फेक डीटीने अधिक चांगली होते, आणि एक टोक झिजले की लाइन उलटी भरून आणखी काही वर्षे चालवता येते.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. समुद्रावरच्या उष्ण हवेसाठी बनवलेल्या लाइनचे आवरण टणक असते. ती बर्फाच्या पाण्यात तारेसारखी वेटोळी होऊन राहते. उलट थंड पाण्याची लाइन कोकणातल्या एप्रिलमध्ये मऊ आणि चिकट होते व रॉडच्या कड्यांतून सरकत नाही. आपल्याला थंड पाण्याची हवी आहे; घरी सराव करताना ती चिकटली तर तिला दोष देऊ नये, सराव सकाळी लवकर करावा. काँक्रीटवर किंवा मुरमावर सराव करू नये, गवतावर करावा. डासांसाठी लावायच्या डीट असलेल्या मलमाने लाइनचे आवरण विरघळते, म्हणून ते लावल्यावर हात धुवावेत. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात साध्या साबणाने लाइन धुतली की ती पुन्हा तरंगू लागते.

इथवर आलो की रॉड जवळजवळ ठरलेलाच असतो: ९ फुटी, ५ नंबरचा, चार तुकड्यांचा, मध्यम लवचीक, कार्बनचा. फक्त लहान ओढ्यांवरच जायचे असते तर साडेआठ फुटी ४ नंबर मी सुचवला असता. पण दुपारी खोऱ्यात वारा सुटतो, मण्याचा निम्फ उचलायला थोडा जोर लागतो, आणि उद्या आपण पब्बरवर किंवा काश्मीरमध्ये लिद्दरवर गेलात तरी तोच रॉड चालावा, म्हणून ५ नंबर. ‘फास्ट अ‍ॅक्शन’ (म्हणजे कडक) असे मोठ्या अक्षरांत लिहिलेला महाग रॉड घेऊ नये. तो उत्तम हाताला उत्तम असतो, आणि उत्तम हात अजून आपल्याकडे नाही. दुकानात टोक छताला टेकवून वाकवण्याऐवजी लाइन भरून २५ फुटांवर टाकून पाहावा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरे दुकान पाहावे. चार तुकड्यांच्या रॉडची नळी साधारण पाऊण मीटरची असते, विमानात हातात न्यायच्या बॅगेची मर्यादा ५५ सेंटिमीटर असते, म्हणून ती सामानात टाकावी लागेल. नळी कापडी न घेता टणक घ्यावी.

रॉड माशाने मोडत नाहीत. गाडीच्या दाराने आणि छताच्या पंख्याने मोडतात. माझा पहिला रॉड कौतुकाने दिवाणखान्यात जोडून पाहताना पंख्याच्या पात्याने दोन इंच आखूड केला होता. जोडताना तुकडे थोडे तिरपे घालून मग फिरवत सरळ रेषेत बसवावेत, नुसते दाबू नयेत, आणि दर तासाला सांधे चाचपावेत. सैल झालेला सांधा पुढच्या फेकीला फुटतो. मासा खेळवताना दुसरा हात मुठीच्या वर रॉडवर ठेवू नये, तसे केल्यास वाक टोकाच्या बारीक भागावर येतो. कार्बनमधून वीज वाहते, हेही ध्यानात असू द्यावे: विजेच्या तारांखाली रॉड उभा धरून चालू नये, आणि ढग गडगडू लागले की तो खाली ठेवून त्याच्यापासून दूर जावे.

रीलवर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. ५ नंबरची लाइन आणि तिच्यामागे ५० मीटर २० पौंडी डॅक्रॉनचा आधारदोर मावेल, कडा गुळगुळीत असतील आणि ओढ लागल्यावर ते अडखळणार नाही, एवढे पाहिले की पुरे. अर्ध्या किलोच्या ट्राउटला लाइन डाव्या हाताने धरून आवरता येते. रील हे मुख्यतः लाइन गुंडाळून ठेवण्याचे साधन आहे. हँडल डावीकडे बसवून घ्यावे, म्हणजे उजव्या हातातला रॉड दुसऱ्या हातात घ्यावा लागत नाही. आपल्या ३० हजारांपैकी रॉडला १२, लाइनला ६, रीलला ५ आणि लीडर, टिपेट व फ्लाय यांना ३ असे वाटून उरलेले ४ हजार पोलरॉइड चष्मा आणि नमद्याच्या तळाचे बूट यांच्यासाठी राखावेत. चष्मा पाण्यातला मासा दाखवतो, त्याहून महत्त्वाचे म्हणजे डोळा वाचवतो. माझ्या कानाच्या पाळीत एकदा १४ नंबरची गरी शिरली होती. गरीचा उलटा काटा मी चिमट्याने आधीच दाबलेला होता, म्हणून ती जशी गेली तशी बाहेर आली. आपणही प्रत्येक गरीचा काटा दाबून ठेवावा. चिमटा, नेलकटर, फ्लायला लावायचे सिलिकॉन आणि रबरी जाळीची छोटी हातजाळी या वस्तू किरकोळ आहेत, पण त्यांच्यावाचून अडते.

निघण्यापूर्वी तीन आठवडे रोज पाव तास मैदानावर सराव करावा. फ्लायच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधावा. घड्याळाच्या तबकडीसमोर उभे आहोत असे मानून रॉड १० वाजल्यापासून १ वाजेपर्यंत न्यावा, तिथे ठाम थांबवावा, मागे वळून लाइन पूर्ण उलगडलेली पाहावी आणि मगच पुढे आणावा. स्पिनिंगची सवय असलेला माणूस शेवटी मनगट सोडून देतो आणि रॉड पार खाली जातो. ही सवय मोडणे हाच आपला खरा अभ्यास आहे. २५ फुटांवर ताटाएवढ्या जागेत लोकर दहांपैकी सहा वेळा पडू लागली की आपण तयार आहात. शेवटचे काही दिवस रोल फेकीला द्यावेत, परंतु ती पाण्यावरच शिकता येते, कारण तिला पाण्याची पकड लागते. खाडीवर केलीत तर सगळे साहित्य त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावे.

नदीवर गेल्यावर खालून वर चालत जावे. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणजे आपण त्याच्या पाठीमागून येतो. दगडामागची शांत जागा आणि जोराची धार यांच्या मधली शिवण, तसेच डोहाच्या तोंडाशी जिथे खळाळ खोलीत उतरतो ती जागा, या दोन जागा आधी पाहाव्यात. फ्लाय वर टाकून मोकळी वाहू द्यावी. मधली धार जोराची असेल तर ती लाइनला पोटातून ओढते आणि फ्लाय पाण्यापेक्षा वेगाने घसरू लागते. असे होण्याआधी रॉडच्या टोकाने लाइनचे पोट उचलून वरच्या बाजूला ठेवावे. निम्फच्या वर तीन-चार फुटांवर पिवळ्या लोकरीचा पुंजका बांधून त्यावर नजर ठेवावी. तो क्षणभर थबकला तरी रॉड उचलावा. खाडीत आपण देता तसा हिसका ५ एक्सला सोसणार नाही.

वेळेबाबत एवढे सांगते, की एप्रिलमध्ये सकाळी पाणी कमी आणि नितळ असते, आणि दुपारनंतर वरचा बर्फ वितळून ते चढते व दुधी होते. सकाळी गुडघाभर पाण्यातून ओलांडलेली जागा चार वाजता मांडीपर्यंत येते. परतीची वाट आपल्याच काठाने असावी. खाली लारजीजवळ तीर्थन बियासला मिळते, आणि त्याखालच्या पात्रात ‘जरा पाहून येऊ’ म्हणूनही उतरू नये. ८ जून २०१४ रोजी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. हिमाचलात ट्राउटचा हंगाम १ मार्च ते ३१ ऑक्टोबर असतो, मत्स्य विभागाचा परवाना काढावा लागतो, आणि ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गळ टाकायचा नसतो. सोडायचा मासा ओल्या हाताने धरावा आणि डोके प्रवाहाकडे करून तो स्वतः निघून जाईपर्यंत पाण्यात आधार द्यावा.

आपण प्रश्नाच्या शेवटी सहज विचारले आहे, की जुना स्पिनिंग रॉडही बरोबर घ्यावा का. माझे उत्तर नाही असे आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटेल, लाइन झाडात अडकेल, आणि हात आपोआप सवयीच्या रॉडकडे जाईल. तो दाभोळला ठेवावा आणि त्या जागी सामानात टिपेटचे आणखी एक रीळ टाकावे, ५ एक्सचे.